टर्बो बसवण्यापूर्वी इंजिनाच्या आत काय बदलावे

होंडाच्या के२०ए इंजिनावर टर्बो बसवायचा असेल, तर आधी त्याच्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते याचा, विचार करा. जपानी टाइप आर गाड्यांत ते साधारण ११.५:१ असते, टर्बोने दाबून भरलेली हवा त्यात आणखी आवळली गेली, की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि त्या नॉकिंगने पिस्टनवरील रिंगांमधला पातळ कठडा तुटतो. म्हणून ९ ते ९.५ कॉम्प्रेशन देणारे फोर्ज्ड (दाबाखाली घडवलेले) पिस्टन आणि अधिक मजबूत कनेक्टिंग रॉड, त्यांच्या बोल्टसह, घ्यावेत.

सर्वाधिक काळजी रिंगांच्या फटीची, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधल्या अंतराची, घ्या, कारण उष्णतेने रिंगेची टोके एकमेकांना भिडली, तर ती बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ओरबाडते आणि नवाकोरा महागडा पिस्टनही फोडते. ८६ मिलिमीटरच्या बोअरला टर्बोविना साधारण ०.३५ मिलिमीटर फट पुरते, टर्बोला ०.४५ ते ०.५ लागते, अंतिम आकडा मात्र पिस्टनसोबतच्या तक्त्यातलाच धरावा.

२६१८ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे पिस्टन जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे बोअरमध्ये त्यांना मोकळीक अधिक ठेवतात आणि इंजिन थंड असताना थोडी खडखड ऐकू येते. तिला घाबरू नका. पिस्टन हातात येऊन प्रत्यक्ष मोजले जाईपर्यंत बोअरचे अंतिम होनिंग (घासून अचूक मापाला आणणे) करून घेऊ नका.