शिक्षकांना सगळ्यांनी मिळून द्यायच्या भेटवस्तूसाठी पालकांनी किती पैसे द्यावेत?

तुम्हाला सहज जमतील तेवढेच द्या, आणि जमत नसतील तर नाही दिले तरी चालतं. ही वर्गणी आहे, फी नव्हे.

खरी अडचण रकमेची नसते, ती मागण्याच्या पद्धतीची असते. ग्रुपवर कुणीतरी आकडा टाकतं, मग एकेकाचं नाव आणि पुढे ‘दिले’ अशी यादी सुरू होते. ज्या घरात त्या महिन्यात ओढाताण आहे, त्यांना ती यादी दिवसभर टोचत राहते. हे अजिबात करू नये. पैसे एकाच पालकाकडे द्यावेत, कुणी किती दिले हे त्यानं स्वतःजवळच ठेवावं आणि शेवटी फक्त एकूण जमा-खर्च सांगावा.

आकडा सांगायचाच असेल तर ‘किमान इतके’ म्हणण्याऐवजी ‘जास्तीत जास्त इतके’ म्हणा. वर्गातल्या तिसातल्या वीसच जणांनी दिले, तर वीस जणांच्या पैशात बसेल अशी भेटवस्तू घ्या. आधी वस्तू ठरवून मग उरलेल्यांच्या मागे लागू नका. दोन मुलं एकाच शाळेत असतील तर दोन्ही वर्गांना मिळून एकाचीच रक्कम वाटून दिली तरी काही बिघडत नाही.

शुभेच्छापत्रावर मात्र सगळ्या मुलांची नावं हवीत, पैसे न दिलेल्यांचीसुद्धा. त्यात तडजोड नको.

आणि हो, काही शाळांमध्ये शिक्षकांनी भेटवस्तू स्वीकारण्यावर मर्यादा असते, त्यामुळे पैसे गोळा करण्याआधी कार्यालयात विचारून घ्या.