पोट सुटलंय, कंबर धरते, तरी बेली डान्स क्लास लावू का?

अगं तू विचारलंयस की चाळिशीत पोट सुटलेलं असताना या क्लासला गेलं तर हसं होईल का आणि वजन तरी उतरेल का. मी आठ वर्षं जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वजनाचं आधी उरकते. माझं फारसं उतरलं नाही, घाम भरपूर येतो पण त्या आशेवर जाऊ नकोस. फरक पडला तो उभं राहण्यात. गुडघे कायम किंचित वाकलेले, माकडहाड खाली सोडलेलं, छाती उचललेली, ही यातली बेसिक पोझिशन आणि तासभर तशात राहायचं म्हणजे पोटाचे आतले आणि बाजूचे स्नायू, मांड्या, कुल्ले सगळे कामाला लागतात. माझी कंबर दिवसभर खुर्चीत बसून धरायची ते बरंच कमी झालं. पण लाट, म्हणजे पोट लाटेसारखं हलवणं, ती पाठीला बाक देऊन काढायला गेलीस तर उलट दुखेल, लाट पोटाच्या स्नायूंनी काढायची असते. स्लिप डिस्क वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारच.

आता शिमी, म्हणजे ती कंबरेची थरथर. पहिले तीन महिने माझी थरथर म्हणजे नुसता धक्काबुक्कीचा प्रकार होता, कारण मी कुल्ले आवळून जोर लावत होते, आणि ती निघते गुडघ्यांतून, एक वाकतो एक सरळ होतो, आणि वरचं सगळं सैल सोडावं लागतं. सैल सोडणं हेच तर येत नाही ना आपल्याला! कॉलेजपासून फोटोत पोट आत ओढायची सवय, मग आरशासमोर दहा जणींत ते मोकळं सोडायचं म्हणजे मला पहिल्या आठवड्यात रडूच आलं होतं, कुणी काही बोललं नव्हतं तरी. पण आत ओढलेल्या पोटातून लाट निघतच नाही, त्यामुळे लाजायचं की नाचायचं हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. आता माझं पोट तेवढंच आहे, फक्त मी त्याच्याशी भांडत नाही.

आणि एक, ईजिप्तमध्ये याला रक्स शर्की म्हणतात, बेली डान्स हे पश्चिमेकडच्यांनी दिलेलं नाव. कैरोत बदिया मसाबनी या नर्तकीने 1926 मध्ये नाचगाण्याचा क्लब काढला, चमचमते कपडे आणि मोठं स्टेज हे त्या काळात रुजलं, त्याआधी आणि आजही घरच्या लग्नांत बायका साध्या कपड्यांत नाचतातच, आज्यासुद्धा. तेव्हा वयाचं डोक्यातून काढ.

डोकं शांत होतं का? माझं होतं, पण ध्यानाला बसल्यासारखं नाही. पेल्याच्या आकाराचा तो ढोल, दरबुका, 'दुम तक, तक दुम, तक' वाजत असतो, पाय चालतायत, कंबर आठचा आकडा काढतेय, हात वेगळेच, यात उद्याची कामं आठवायला जागाच उरत नाही.

कंबरेला बांधायचा तो नाण्यांचा स्कार्फ पहिल्या दिवशी नको असं सगळे सांगतात, मी म्हणेन घेच, आवाज मध्येच तुटला की शिमी कुठे अडकतेय ते लगेच कळतं.