सांग, आणि दारं उघड

प्रिय पोरी,

सलाम.

तुझा निरोप तीनदा ऐकला. चर्चमधल्या हंगामाच्या सणात झालेल्या अर्पणांच्या लिलावाचे पैसे बाबांनी वहीत कमी दाखवले, हे तू मंडळीच्या सभेत उभं राहून सांगितलंस. बरोबर केलंस. ४० रुपयांचा भोपळा कुणी ५०० ला घेतो तो देवासाठी, खजिनदारासाठी नव्हे. तो विषय संपला.

पण नाताळाला घरी जाणार नाहीस, हे कुठून आलं? आणि वर मलाच बायबलमधल्या एली याजकाचा दाखला पाठवतेस! एलीनं पोरांना पाठीशी घातलं, घराण्याचं वाटोळं झालं. मान्य. पण त्या गोष्टीत तू एली नाहीस गं, त्यानं मंदिरात वाढवलेला पोर शमुवेल आहेस. पहिलं शमुवेल, तिसरा अध्याय काढ. ज्या म्हाताऱ्यानं वाढवलं त्याच्याच घरावरचा निकाल पोरानं रात्री देवाकडून ऐकला. सकाळी काय केलं? परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली, रोजच्यासारखी. एलीनं हाक मारली तसा ‘हा मी’ म्हणत गेला, काही न लपवता सगळं सांगितलं. आणि तिथंच राहिला. शिक्षा द्यायची ती देवानं दिली.

सांग, आणि दारं उघड. दोन्ही.

मला हे उशिरा कळलं. थोरल्या भावानं बांध कोरत कोरत माझं दीड गुंठा रान खाल्लं. मी खोटा नव्हतो, आजही नाही. हवं तर मोजणीचा नकाशा दाखवतो. अकरा वर्षं त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. ‘सूड घेणे माझ्याकडे आहे’ हे बायबलातल्या रोमकरांस पत्राचं वचन मी शापासारखं जपलं. त्याची गाय मेली, देव बघतोय. विहीर आटली, देव बघतोय. जणू देव माझ्या वतीनं खटला लढवत होता! त्याला मूठमाती द्यायला गेलो तेव्हा वहिनीनं एवढंच विचारलं, ‘भावजी, जेवून जाल का?’ नाही जेवलो. एवढा ताठा.

तू म्हणशील, मनातून पटल्याशिवाय कशी जाऊ? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो पटला नव्हता, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० मध्ये. आधी आल्या, पटलं नंतर.

बाबांना माफ कर असं मी म्हणत नाही. पैसे त्यांनी भरायलाच हवेत, मंडळीपुढे उभंही राहायला हवं. ते पंच बघतील. तुझं काम दारं उघडायचं. किती वेळा सांगू?

चोवीस तारखेच्या एसटीचं आरक्षण आजच कर. तुझी आई यंदा करंज्या एकटीच तळतेय, आणि बाबा बोलले नाहीत तरी पाटावर बसून सारण कुटायला तुला कुणी अडवलेलं नाही.

तुझा,
काका