भेट नाही, तरी द्वेष वाढतो कसा?

प्रश्न : वडिलोपार्जित घराच्या वाटणीच्या वेळी थोरल्या भावाने चारचौघांत मला 'आयतोबा' म्हटले. त्याला तीन वर्षे झाली. येणे-जाणे, बोलणे सारे बंद आहे, तरी माझ्या मनातील द्वेष ओसरण्याऐवजी वाढतोच आहे. योगशास्त्र याचा उलगडा कसा करते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एका शब्दाची गल्लत टाळू. आपल्या बोलण्यात राग म्हणजे संताप; पतंजलींच्या सूत्रांत मात्र राग म्हणजे ओढ, आसक्ती. पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला पीडणाऱ्या पाच दोषांपैकी, राग आणि द्वेष या दोघांची लक्षणे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, साधनपादात, लागोपाठ येतात : 'सुखानुशयी रागः', 'दुःखानुशयी द्वेषः'. अनुशयी म्हणजे मागोमाग येऊन चिकटून राहणारा. ज्याने दुःख भोगले आहे त्याला त्या दुःखाची पुन्हा आठवण होते आणि तिच्यातून द्वेष उठतो, असे या सूत्रांवरचे जुने विवरण, व्यासभाष्य, सांगते. तेव्हा द्वेष पोसायला भाऊ समोर असण्याची गरजच नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तुम्ही तो प्रसंग पुन्हा उभा करत असाल, तेव्हा न सुचलेले उत्तर आता सुचत असेल, भाऊ निरुत्तर होत असेल आणि घटकाभर बरे वाटत असेल. खरी मेख या बरे वाटण्यात आहे, कारण त्या सुखालाही राग चिकटतो आणि दुसऱ्या रात्री मन आपण होऊन तिकडे वळते. वृत्तीतून, म्हणजे मनात उठणाऱ्या तरंगातून, संस्कार, म्हणजे मनावर उरणारा ठसा, आणि संस्कारातून पुन्हा वृत्ती, असे हे रहाटगाडगे आहे. भावाने तो शब्द एकदाच उच्चारला. तुम्ही तो शेकडो वेळा ऐकला असेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील क्रोधापर्यंत जाणारी साखळीही 'ध्यायतो विषयान्' या चिंतनापासूनच सुरू होते.

उपाय म्हणून पतंजली 'प्रतिपक्षभावन', म्हणजे छळणाऱ्या विचाराच्या विरुद्ध बाजूचे चिंतन, सांगतात. त्याचा अर्थ हल्ली सरसकट 'चांगले विचार करा' असा लावला जातो, तो मला अपुरा वाटतो. पुढच्याच सूत्रात, अशा विचारांचे फळ म्हणजे न संपणारे दुःख आणि अज्ञान, हे ध्यानात आणायला सांगितले आहे. भाष्यकारांची उपमा तर चांगलीच झोंबणारी आहे : सोडलेले पुन्हा धरणारा हा स्वतःची वांती चाटणाऱ्या कुत्र्यासारखा. भाऊ सज्जन आहे, असे स्वतःला पटवण्याची सक्ती इथे नाही. मनात उत्तराची जुळवाजुळव सुरू होताच ही उपमा आठवावी. भाऊ निरुत्तर होईपर्यंत थांबू नये.