गोधडीचं मशीन आणि लेकीच्या प्रवेशाची एफडी

प्रश्न: मी कऱ्हाडला राहते, वय ४३. यजमान जलसंपदा विभागात आहेत. हातात ७८ हजार पगार येतो, त्यातून घराचा हप्ता २१ हजार जातो. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. माहेरी कडेगावकडे आजी वाकळ शिवायची, तिच्याकडून हात आला. सहा वर्षं हौसेनं गोधड्या शिवतेय. गेल्या वर्षी तेरा झाल्या. सहा नात्यात दिल्या, सात विकल्या गेल्या. आता १,८५,००० रुपयांचं कॉम्प्युटरवालं मशीन बघून आलेय. दुकानदार म्हणतो, दिवसाला एक गोधडी निघेल. माझ्या नावावर ३ लाखांची एफडी आहे, तीन वर्षांची, ७ टक्क्यांनी. बावीस महिने झालेत. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवली होती. ती मोडून मशीन घेतलं तर दोन वर्षांत पैसे वसूल होतील असं वाटतं. घरात कुरबूर आहे की हॉल कायम चिंध्यांनी भरलेला असतो आणि जेवणं उशिरा होतात. मशीन आलं तर काम झटपट उरकेल, घरालाही वेळ देता येईल. एफडी मोडू का?

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका आणि हे मशीनही आत्ता घेऊ नका. गोधड्या मात्र शिवत राहा. कुरबूर करणाऱ्यांना हे शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमचं पत्र आल्यावर मी लगेच उत्तर दिलं नाही. फोन करून तुम्हाला एक काम सांगितलं, की पंधरा दिवस एका वहीत लिहा, गोधडी कधी हातात घेतली, कधी ठेवली आणि मध्ये काय झालं. ती वही तुम्ही फोटो काढून पाठवलीत आणि माझं उत्तर तिथेच बदललं. खरं सांगते, तोवर मी व्याजाचीच गणितं करत बसले होते. त्यातलं मंगळवारचं पान असं आहे: ‘२.१० ला हॉलमध्ये पसरली. २.४० गॅसवाला. ३.३० सासूबाईंचा चहा. ४ ला पुन्हा बसले. ५.१५ ला पाहुणे येणार म्हणून गुंडाळली. एक ओळ पुरी, दुसरी अर्धी. टाचणी दिवाणाखाली गेली, सापडली नाही.’

पंधरा दिवसांत मिळून ३१ तास झाले. त्यातले हातात सुई असलेले तास १७. नऊ तास पसरण्यात आणि आवरण्यात गेले. उरलेले पाच उसवण्यात, कारण गोधडी अर्धवट गुंडाळली की आतले थर सरकतात आणि पुन्हा बसल्यावर सुरकुती दिसते. म्हणजे दर तीन तासांतले जवळजवळ दीड तास शिवण्याव्यतिरिक्तच्या गोष्टींत जातात. १,८५,००० चं मशीन या दीड तासांना हातही लावणार नाही. उलट तेही हॉलमध्येच मांडावं लागेल आणि त्याला गुंडाळून दिवाणाखाली सारता येणार नाही.

आता वसुलीचं बघू. तुमच्या सात विकलेल्या गोधड्यांचा हिशेब असा: बाळाच्या चार, प्रत्येकी ९०० नं, मोठ्या दोन, प्रत्येकी २,८०० नं, आणि पुण्याच्या बाईंनी त्यांच्या आईच्या साड्या आणून शिवून घेतलेली एक, ४,००० ची. एकूण १३,२००. ही वर्षाची विक्री झाली. कापड-दोरा वजा जायचाय.

मशीनवरची गोधडी काय भावानं जाईल? तुमच्या मोठ्या गोधडीला २,८०० मिळतात ते हाताच्या धावदोऱ्याचे. कडेपासून आत आत येत जाणाऱ्या त्या ओळी, जराशा हललेल्या, हेच गिऱ्हाईक बोटानं चाचपून बघतं. मशीननं एकसारखी शिलाई मारली की ती गोधडी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या जयपुरी रजईच्या शेजारी जाऊन बसते आणि तिथं भाव रजईवाला ठरवतो. समजा १,५०० मिळाले आणि नवं कापड, आतला कापूस मिळून ८०० गेले, तर हातात ७०० राहतात. मशीनची किंमत भरून यायला अशा २६५ गोधड्या विकाव्या लागतील. गेल्या वर्षी तुम्ही सात विकल्यात. दुकानदाराचं ‘दिवसाला एक’ खरं धरलं तरी रोजची ती एक घ्यायला दारात कोण उभं आहे, हे तो सांगत नाही.

एफडीबद्दल. मुदतीआधी मोडली की एक टक्का कापतात एवढंच बहुतेकांना माहीत असतं. सहसा कात्री दोनदा लागते. ठेव जितके महिने प्रत्यक्ष राहिली, त्या मुदतीला तुम्ही पैसे ठेवले त्या दिवशी जो दर होता तो आधी धरतात आणि त्यातून दंड वजा करतात. बावीस महिन्यांचा दर समजा ६.६ असेल, तर एक टक्का दंड जाऊन हाती ५.६ पडतो. ७ टक्क्यांनी आज जमलेले साधारण ३,४०,७०० झाले असते, मोडल्यावर ३,३२,२०० मिळतील. साडेआठ हजारांचा फटका. तुमच्या बँकेचे नेमके आकडे पावतीवरच्या अटींत किंवा काउंटरवर मिळतील.

‘मग एफडीवर कर्ज काढते’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. मोडण्यापेक्षा ते स्वस्त आहे हे खरं. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज आणि ठेव जागेवर चालू. पण फेडायचं कशातून? चौदा महिन्यांत १,८५,००० फेडायचे तर नुसती मुद्दलच महिन्याला १३,२०० च्या वर जाते, व्याज निराळं. तुमची गेल्या वर्षीची अख्खी विक्री १३,२०० होती. बारा महिन्यांची कमाई एका महिन्याच्या हप्त्याला! आणि फेडलंच नाही, तर मुदत संपताना ३,६९,००० मधून कर्ज-व्याज जाऊन १,६५,००० च्या आसपास उरतील, तेही मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून तुम्ही २,२०,००० धरलेत. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी राज्य सरकारची २०२४-२५ पासूनची शुल्कमाफी ऐकून काही जणी निर्धास्त झाल्यात, पण तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आहे. तुम्ही तिच्या वर आहात, तेव्हा ते पैसे तुमचे तुम्हालाच उभे करायचेत.

एफडी तुमच्या नावावर असली तरी पैसे यजमानांच्या बचतीतले आहेत, त्यामुळे तिचं व्याज आयकरात त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. नावापेक्षा मोठी गोष्ट अशी की ती ठेव दोघांनी बसून लेकीसाठी ठरवलेली. मोडायचीच झाली तर दोघांनी बसूनच मोडा.

सरकारी योजनेचंही विचारलंत. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५,००० आणि ५ टक्क्यांनी कर्जही मिळतं. पण सरकारी नोकरदाराच्या घरच्यांना ती लागू नाही, म्हणजे तुमचं दार तिथं बंद. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळू शकतं. पण ते धंद्यासाठी आहे, आणि तुमचा धंदा आहे का हेच अजून ठरायचंय.

आता जरा परखड बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रात ‘वसूल’ हा शब्द मला खटकला. सहा वर्षं हौसेनं शिवताय, नातेवाइकांना सहा गोधड्या फुकट दिल्यात, त्या देताना वसुलीचा विचार केला नाहीत. मग आत्ताच का? मला वाटतं, घरात ‘मला हे हवंय’ असं म्हणायची चोरी आहे, म्हणून हौसेला धंद्याचा सदरा घातलाय. यजमानांनी गेल्या वर्षी मोटारसायकल बदलली हे तुम्हीच सांगितलंत. तिची वसुली किती वर्षांत, हे कुणी विचारलं? (मलाही बोलायला फार तोंड नाही. केक विकायचे म्हणून घेतलेला २८ हजारांचा ओव्हन माझ्या स्वयंपाकघरात आहे. सध्या त्यात परात आणि पोळपाट ठेवते.)

हौस असेल तर हौसेचे पैसे महिन्याच्या पगारातून, उघडपणे, ठरवून घ्या. सगळे खर्च, क्लास, सासूबाईंची औषधं, एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला आठ-नऊ हजार उरतात. त्यातल्या ३,००० ची आरडी तुमच्या नावानं सुरू करा. साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत ७७ हजारांच्या आसपास जमतील. तेव्हाही मशीन हवंसं वाटलं, तर चाळीस-पन्नास हजारांत शिलाईचं चांगलं मशीन बघा. भरतकामाचे शंभर नमुने काढणारं मशीन गोधडीला लागत नाही. दुकानात जाताना स्वतःची सहा थरांची वाकळ काखोटीला मारून जा. दुकानदार नेहमी दोन थरांच्या कोऱ्या कापडावर चालवून दाखवतो. तुमची वाकळ सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या फुटाखालून जाते का, गुंडाळलेला भाग मशीनच्या हाताखाली मावतो का, हे डोळ्यांनी बघा. आणि आतलं सर्किट गेलं तर दुरुस्ती कऱ्हाडात होते की मशीन पुण्याला न्यावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा.

आत्ता मात्र पंधरा हजारांच्या आत एक खर्च जरूर करा. तुमची मागची खोली. दिरांची मोडकी कॉट आणि बंद कूलर तिथं किती वर्षं पडलाय, मी विचारलं तर तुम्ही हसलात. ते बाहेर काढा. सुताराकडून सहा बाय चारचं प्लायवूड दोन लाकडी घोड्यांवर बसवून घ्या, वर चांगला दिवा लावा. जुन्या मशीनची सर्व्हिसिंग करून घ्या आणि त्याला बसत असेल तर वॉकिंग फूट घ्या. त्यानं वरचा आणि खालचा थर बरोबर सरकतो, काठ शिवताना सुरकुती पडत नाही. गोधडी पसरलेली राहिली, दार ओढून घेतलं, की चहाला उठा नाहीतर गॅसवाला येवो. परत आलात की सुई जिथं टोचून ठेवली तिथून पुढे. त्या नऊ आणि पाच तासांतले निम्मे वाचले, तरी पंधरवड्याला सात तास झाले. हॉल मोकळा राहील, मुलाच्या पायात टाचणी जाणार नाही. जेवणाच्या वेळेचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

भावाचं एकदा नीट मांडते, कारण तुम्ही स्वतःला फार स्वस्त लावलंय. मोठ्या गोधडीला ५५ तास लागतात, कापड-दोरा ७००. २,८०० ला विकलीत तर तासाला ३८ रुपये पडले. बाळाच्या गोधडीला ११ तास आणि २२० चं सामान, म्हणजे तासाला ६२. आणि पुण्याच्या बाईंची? साड्या त्यांच्याच, तुमचा खर्च २५० दोरा-अस्तराचा, तास तेवढेच ५५. तासाला ६८. सर्वात जास्त कष्टाची म्हणून जी मोठी गोधडी तुम्ही मिरवता, तीच सर्वात कमी देते. ती इथून पुढे ४,५०० च्या खाली देऊ नका. नाही गेली तर नाही गेली, घरात पांघरायला कामाला येईल. बारशाच्या आणि बाळंतविड्याच्या ऑर्डरी मात्र सोडू नका. त्या अकरा तासांत संपतात आणि परीक्षेच्या दिवसांतही जमतात.

कराची काळजी आत्ता नको. एवढ्या विक्रीवर तुम्हाला आयकर लागत नाही, आणि कऱ्हाडात बसून वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. फक्त गोधडीचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. घरखर्चात मिसळले की ते कोथिंबिरीत जातात आणि वर्षअखेरीला तुम्ही म्हणता, काहीच सुटलं नाही. वर्षाला तीस गोधड्या रोख विकल्या जायला लागल्या, नात्यात दिलेल्या सोडून, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मशीनचं, मुद्राचं, बचत गटामार्फत पुण्याच्या भीमथडी जत्रेत स्टॉल मिळतो का याचं, सगळं नव्यानं मांडू.

एक फोन मात्र आजच करा. पुण्याच्या त्या बाईंच्या बहिणीलाही आईच्या साड्यांची गोधडी हवीय, असं तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय आणि पुढे कंसात ‘४,००० सांगू का?’ असं विचारलंय. ६,००० सांगा, निम्मे आगाऊ घ्या आणि दोन महिन्यांची मुदत मागा.