बेस गिटारला कॅबिनेट (स्पीकरचा बॉक्स) कुठलं घ्यावं, चार १० इंची का एक १५ इंची?

चार १० इंची. त्यातही जमलं तर दोन-दोनची दोन बारकी कॅबिनेटं घ्या, एकावर एक उभी ठेवा. तुमच्या ३०० वॉटच्या हेडला (म्हणजे सुट्या अँप्लिफायरला) आणि ऑर्केस्ट्राच्या कामाला एवढं बास आहे.

पण तुम्ही प्रश्नात पुढं लिहिलंय ना, की साउंडवाला म्हणतो १५ च घे, स्पीकर मोठा तेवढा बेस खोल, ते वाचून माझं डोकं सणकलं. कारण हेच वाक्य मी सांगलीत आमच्या घरात दर सणाला जेवताना ऐकतो. आमचे दाजी डॉल्बीवाले. दोन टेम्पो माल आहे, १८ इंचीच्या बेसची भिंत लावतात, आणि त्यांच्या मते बेस गिटारवाल्यानं स्वतःचा बॉक्स आणणं म्हणजे साउंडवाल्याचा अपमान. दाजी असल्यामुळं उलट बोलता येत नाही, ताई लगेच डोळे वटारते, म्हणून तुम्ही सापडलाय.

तासगावच्या बाजूला गणपतीचा कार्यक्रम होता, साउंड दाजींचा. मी माझा चार १० वाला बॉक्स उतरवायला लागलो तर म्हणाले, "हे खोकं कशाला? गाडीतच राहू दे. माझ्या १८ मधनं देतो तुला, छाती हलंल." छाती हलली, नाही म्हणत नाही. समोरची पोरं खूश. पण स्टेजवर मला माझा सूरच कळंना, नुसती घरघर, वाजवतोय ते कोमल आहे का शुद्ध काय पत्ता नाही. गाणाऱ्या बाई पहिल्या अंतऱ्यापासनं माझ्याकडं वळून बघायला लागल्या, कीबोर्डवाल्यानं बिचाऱ्यानं डाव्या हातानं बेस धरला आणि त्याच्यात आणि माझ्यात मिळून आणखीच चिखल झाला. मध्यंतरात मी आणि ढोलकीवाल्यानं बॉक्स टेम्पोतनं काढला, ड्रमच्या शेजारी ठेवला, हेड जोडला आणि दुसऱ्या भागात बाईंनी एकदासुद्धा मागं बघितलं नाही. कार्यक्रम संपल्यावर दाजी म्हणाले, "बघ, मी मागनं लेव्हल नीट केली म्हणून जमलं." आजतागायत हेच सांगतात. पाहुण्यांना पण सांगतात.

आता ते का झालं ते ऐका. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. पण कानाला सूर ओळखायला येतो तो त्याच्या वरच्या ८२, १२३ आणि त्याच्याही वरच्या स्वरांवरनं, बोटाचा ठोका तर आणखी वर असतो. डॉल्बीच्या १८ ला क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगळे करणारं यंत्र) लावून साधारण १०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं, ते टॉपला, म्हणजे वरच्या स्वरांच्या बॉक्सला जातं, आणि टॉपची तोंडं पब्लिककडं. म्हणजे स्टेजवर उभ्या माणसाला राहतो फक्त धक्का. यात १८ इंचीचा दोष नाही, ते त्याच्या कामाला चोखच आहे, फक्त ते काम वेगळं.

आणि "मोठा स्पीकर म्हणजे खोल बेस" हे तर साफ चूक. चार १० इंची कोनचं मिळून क्षेत्रफळ साधारण १३०० चौरस सेंटिमीटरच्या पुढं जातं, एका १५ इंचीचं ८५० च्या आसपास. हवा ढकलायची ताकद कुणाची जास्त? आवाज किती खाली जाणार हे ठरतं बॉक्सच्या आतल्या जागेवरनं, पोर्ट (बॉक्सला ठेवलेलं हवेचं भोक) कितीला ट्यून केलाय त्यावरनं आणि स्पीकर कसा बनवलाय त्यावरनं. इंचावर नाही. जगातलं सगळ्यात नावाजलेलं बेस कॅबिनेट घ्या, अँपेगचं आठ १० इंचीवालं, १९६९ मध्ये ३०० वॉटच्या एसव्हीटी हेडबरोबर आलं. पूर्ण बंद बॉक्स, पोर्टबिर्ट नाही, एकही १५ नाही, आणि त्याच्या हल्लीच्या मॉडेलचा आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलनं उतरलेला असतो. तरी रॉकवाले पन्नास वर्षं त्याच्यामागं वेडे आहेत, कारण बँडच्या गोंगाटातही सूर ऐकू येतो. (तुम्ही ते घेऊ नका, ६० किलोच्या वर वजन, तालमीच्या माडीवर कोण चढवणार.)

दोन-दोनची उभी मांडणी म्हणालो कारण वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो, आणि एका रांगेत उभे असले की आवाज बाजूलाही चांगला पसरतो. दोन्ही ८ ओहमची घ्या, समांतर जोडली की मिळून ४ होतात, बहुतेक ट्रान्झिस्टर हेड तेवढं झेपवतात, तरी मागं लिहिलेलं बघा. पहिलंच ४ ओहमचं घेतलं तर पुढं दुसरं जोडता येत नाही, दुकानदार हे सांगत नाही. हेड व्हॉल्व्हचं असेल तर ओहम जुळवणं सक्तीचं, आणि बॉक्स न जोडता ते कधी चालू करायचं नाही. केबल स्पीकरचीच, गिटारची नको.

चार १० आणि त्याखाली एक १५ अशी जोडी लावायचं फॅड आहे, दाजींनी तडजोड म्हणून तेही सुचवलं होतं. दोन्ही ८ ओहम असले तर पॉवर अर्धी-अर्धी वाटली जाते, म्हणजे एकटा १५ अर्धी खातो आणि प्रत्येक १० ला येते आठवा हिस्सा. मोठ्यानं वाजवलं की आधी १५ रडायला लागतो.

सुताराकडनं बॉक्स करून घ्यायचा विचार असेल तर १८ मिलीचा चांगला प्लाय वापरा. एमडीएफ नको, २०१९ च्या पुरात आमच्याकडं कितीजणांचे बॉक्स पावासारखे फुगले. पण डॉल्बीच्या बॉक्सचं माप घेऊन त्यात बेसचा स्पीकर बसवू नका, स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉलचे आकडे (त्या स्पीकरला कसला बॉक्स लागतो ते सांगणारे) असतात, त्यावरनं माप काढायचं. पोर्ट चुकला तर ट्यूनिंगच्या खालच्या स्वरांना कोन मोकाट सुटतो आणि कॉइल जातं.

हां, पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी ३१ हर्ट्झचा, तिथं बारकं दोन १० एकटं कमी पडतं, चांगला पोर्टवाला १५ त्यापेक्षा बरा वाटू शकतो. हेही मान्य की कानात इन-इअर (स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायचा इअरफोन) असेल आणि साउंडवाला डीआयमधनं (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) नीट मिक्स देत असेल तर कॅबिनेटची गरजच नाही, पैसे वाचवा. फक्त तो साउंडवाला तुमचा पाहुणा नसावा. आणि दुकानात जाताना स्वतःचा हेड आणि स्वतःचा बेस घेऊन जा, उभं राहून वाजवून बघा, शेजारी कुणालातरी मोठ्यानं गायला लावा.