दिग्रसजवळच्या गावात घरचं फायबर इंटरनेट दिवसातून आठ-दहा वेळा तुटतं, राउटर बंद-चालू केला की येतं. दोष नेमका कुठे असावा?

तुम्ही लिहिलंय की कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्याच्यासमोर नेट झकास चाललं. ही वेदना मला ठाऊक आहे. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जुलैच्या शेवटी पीकविम्याची गर्दी असते, आणि तेव्हा नेट गेलं की बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे अशी पाहतात, जशी वायर मीच दातानं तोडली.

तुमच्या प्रश्नात एकच गोष्ट राहिली आहे: नेट जातं तेव्हा राउटरवरचे दिवे कसे असतात? आपण सगळेच घाईत बटण दाबतो. पण बंद-चालू केलं की पुरावाच पुसला जातो. पुढच्या वेळी नेट गेलं की हात मागे घ्या आणि आधी एक मिनिट नुसतं पाहा.

सगळे दिवे विझून एकेक करत परत लागत असतील, तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू होतोय. म्हणजे दोष विजेचा, अडॅप्टरचा किंवा एक्स्टेंशन बोर्डाचा. दिवे चालू आहेत पण ‘एलओएस’ (LOS, म्हणजे सिग्नल हरवल्याचा दिवा) लाल लुकलुकतोय आणि ‘पॉन’चा (PON, फायबर जोडली असल्याचा) हिरवा दिवा गेला, तर फायबरमधून प्रकाशच नीट पोचत नाही. पॉन स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा नाही, तर गडबड कंपनीच्या बाजूची किंवा लॉगिनची. आणि सगळे दिवे शहाण्यासारखे जागेवर असतील, तर नेट गेलेलंच नाही, तुमचा वायफाय पोचत नाही.

माझं पहिलं दुखणं एप्रिलमध्ये सुरू झालं. ऑपरेटरला मी इतकं बोललो की त्यानं फोन उचलणंच सोडलं. शेवटी पोरीनं दुधाच्या कॅलेंडरवर नेट जाण्याच्या वेळा लिहायला घेतल्या. पंधरा दिवसांनी पाहिलं तर सकाळचे रकाने जवळपास कोरे, आणि दुपारी बारा ते पाचमध्ये नुसती गिचमिड. एका दिवशी मात्र एकही नोंद नव्हती. त्या दिवशी आमच्या कूलरची मोटार जळाली होती!

कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. बोर्डाच्या पट्ट्या ढिल्या. कूलरचा भार आला की तिथं संपर्क तापायचा, बारीक ठिणगी उडायची आणि वीज क्षणभर खंडायची. कूलरच्या पंख्याला ते जाणवतसुद्धा नाही, राउटर मात्र झोपतो. तरी चांगला अडॅप्टर असा एखादा झटका पचवतो. माझा पचवत नव्हता, कारण तो टिनाच्या छपराखाली सहा उन्हाळे शिजला होता. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवला, आतला कपॅसिटर पोट फुगवून बसलेला. राउटरला भिंतीतला वेगळा सॉकेट आणि नवा अडॅप्टर दिला, विषय संपला. ज्याला तीन महिने शिव्या दिल्या त्या ऑपरेटरला मग चहा पाजावा लागला.

अडॅप्टर घेताना जुन्यावरचे आकडे वाचून घ्या. बहुतेक फायबर राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही असतात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसते म्हणून कुठलाही अडॅप्टर लावू नका. वावरातल्या घरी राहत असाल आणि पंप सुरू झाले की बल्ब मंद होत असतील, तर राउटरचा छोटा यूपीएस घ्याच, हजार-दीड हजारात येतो. पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. घरोघर फाटे फोडणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण ऑपरेटरच्या यंत्राला लागते. त्याची बॅटरी मेली असेल, तर तुमचा राउटर चालू आणि नेट गायब, असं दृश्य दिसेल.

दुसरं दुखणं सोयाबीन निघायच्या दिवसांत आलं, आणि ते ‘एलओएस’चं होतं. फायबर तुटली असती तर नेट पूर्णच गेलं असतं; हे येत-जात होतं. वारा सुटला की जास्त. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं; तिथं ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा उणे आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २४ पर्यंत असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास राउटर धापा टाकतो आणि त्यापलीकडे सोडून देतो. दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवा. माझा आकडा आधी उणे १९ होता, तो उणे २८ वर गेला होता, म्हणजे प्रकाशाचा आठवा हिस्साच उरला होता. लाइनमन निंबाच्या झाडापाशी चढला आणि वरूनच ओरडला, “तार तुटली नाही भाऊ, मुडपली हाये!” कुटार भरलेल्या ट्रॉलीनं खाली लोंबणारी तार ओढून फांदीच्या बेचक्यात अडकवली होती. आमच्याकडे ट्रॉलीतून सुटली तर वानरं आहेतच, ती तारेवरून रस्ता असल्यासारखी जातात.

घरातही हेच तपासा. राउटरमागची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दाबली गेली आहे का, खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का? प्रकाशाला काटकोनात वळवता येत नाही. वायरचा वळसा वाटीएवढा मोठा ठेवा. हिरव्या टोकाचा जोड शर्टानं पुसू नका, ते काम लाइनमनच्या सफाईच्या कापडाचं. आणि जोड काढून त्यात डोकावू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना बाधतो.

वायफायचं फार लांबवत नाही. टिनाचं छप्पर, लोखंडी कपाट, मातीची जाड भिंत, तिन्ही त्याचे शत्रू. लॅपटॉप एक दिवस वायरनं राउटरला जोडा. नेट तुटलं नाही तर दोष वायफायचा. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (गुगलचा बाहेरचा सर्व्हर) सतत पिंग लावून ठेवा, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते दिसत राहील. दोन्ही अडखळले तर भानगड घरात, पहिलं चालू राहून दुसरंच अडखळलं तर बाहेर.

आता तक्रारीचं. “नेट सारखं जातं” असं सांगितलं की ते राउटर बंद-चालू करायला सांगतात आणि फोन ठेवतात. त्याऐवजी सांगा: मंगळवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी एलओएस लाल झाला, चार मिनिटं राहिला, आरएक्स उणे २८. असं बोलणाऱ्याकडे माणूस शिडी घेऊन येतो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून लिहून ठेवा; त्यावर काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथं हाच क्रमांक विचारतात.

राउटर बंद-चालू केल्यावर तुमचं नेट येतं, यावरून मला अडॅप्टरचा किंवा लॉगिनचा संशय जास्त आहे, तारेचा कमी. पण मीही आधी ऑपरेटरवरच संशय घेतला होता. आठ दिवस कॅलेंडर भरा, आणि दिव्यांचे रंग लिहून इथेच टाका. तुमच्याकडे कूलर सुरू झाला का, तेही सांगा.